दुकानातले रविवार

कोर्टात चष्मेवाल्याने दोन हक्क भांडून मिळवले होते. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी लेक त्याच्याकडे, आणि तिच्या औषधपाण्याचं काहीही त्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. "बाप आहे मी, पाहुणा नाही!" असं तो वकिलालाही सुनवायचा. रविवार मिळाले खरे, पण रविवारीच दुकानात गर्दी. मग नऊ वर्षांची ठमी दिवसभर भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याला टेकून स्टुलावर बसायची.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या आईचा फोन आला. "तिला फळ्यावरचं दिसत नाही म्हणे. डॉक्टरला दाखवू का?"

"मग मी इथे काय माशा मारतो?"

त्याने तपासलं. ठमीने शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं. डोळे ठणठणीत आहेत असं त्याने आईला कळवलं, वर दोन टोमणे फुकट दिले. परवा शाळेतूनही तशीच चिठ्ठी आली, तेव्हाही त्याचा तोरा तसाच. "पुन्हा बघतो. पण मग तू माफी मागायची."

आज त्याने ठमीला समोर बसवलं आणि पट्टी घेऊन तक्त्यापाशी उभा राहिला. पिवळा पडलेला जुना तक्ता काढून त्याने गुरुवारीच नवा लावला होता.

"त, म, ग," ठमी म्हणाली.

पट्टी 'ल'वर होती. त्याला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय.

"ठमे, नीट वाच."

"वाचतेय ना. त, म, ग. खाली र, ब, श."

चष्म्याची काडी बदलून घ्यायला आलेले नेहमीचे म्हातारे मास्तर हळूच म्हणाले, "अहो, ती जुना तक्ता म्हणतेय. पाठ असेल."

ठमीने मान खाली घातली. "इथे बसून बसून झालाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही फोनवर म्हणत होतात, बघू कोण खरं ते. आई खरी ठरली असती, तर माझे रविवार गेले असते ना?"

चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्यांच्या डोळ्यांतलं पाव नंबरचं अंतर पकडणारा हा शहाणा, आणि पोटची पोर दोन महिने अंदाजाने शाळा शिकत होती. मास्तर दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांचं ते जाणं त्याला जास्तच लागलं.

तपासणीची फ्रेम चढवून त्याने काचा बदलल्या. नंबर निघाला उणे सव्वादोन. मग त्याने फोन लावला, आणि ठमीला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"तुझं खरं होतं. मी चुकलो. उद्या तू म्हणशील त्या डॉक्टरकडे नेऊ. आणि रविवारी ती इथे नुसती बसून असते, हेही मी तुला कधी सांगितलं नाही."

ठमी फोनकडे वाकली.

"आई," ठमीने विचारलं, "बाबांकडचा पुढचा रविवार आहे का गं?"

"आहे, बाळा."

ठमीने ती जड फ्रेम दोन्ही हातांनी सावरली आणि बापाकडे पाहिलं. तिला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यानेच तोंड फिरवलं, आणि भर रविवारी दुकानाचं शटर ओढायला उठला.