बिनघंटीची गाय

धरणी पहिल्यांदा हलली तेव्हा आमच्या तांड्यात माणूस एकही गेला नाही. पडल्या त्या भिंती, आणि मार लागला तो जनावरांना. माणसं ओरडत बाहेर पळाली. जनावरं दाव्याला बांधलेली होती, ती कुठं पळणार? कुणाच्या बकरीच्या पाठीवर छपराचे कवेलू पडले, कुणाच्या बैलाचा खूर दगडाखाली आला.

मी तांड्याची पशुसखी. बचत गटातून प्रशिक्षण घेतलेली. शेळ्यांना जंताचं औषध पाजणं, जखम धुऊन पट्टी बांधणं, लसीच्या दिवशी डॉक्टरांच्या मागे पेटी घेऊन फिरणं, एवढं माझं काम. आता तेच काम सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पुरत होतं. दिग्रसहून ममता मॅडम जनावरांच्या औषधाची गाडी घेऊन यायच्या, हाडं बसवून द्यायच्या आणि जाताना सांगायच्या, "जया, पट्ट्या रोज बदलायच्या हं. माशी बसली की किडे पडतील."

आमच्या घराच्या आढ्याखालून भिंत अशी चिरली होती की हात आत जाईल. माझ्या दहा महिन्यांच्या उर्वशीला त्या भिंतीजवळ ठेवायचं कसं? बाहेर उघड्यावर वारा, धूळ, ऊन. नेरहून माझी आई आली आणि तिला घेऊन गेली. "चार दिवसांची तर गोष्ट आहे," ती म्हणाली. उर्वशी बसच्या खिडकीतून माझ्याकडे बघून हसत होती. तिला वाटलं असेल, मी मागून चढतेच आहे.

त्यानंतर माझं दूध थांबायचं नाव घेईना. ताडपत्रीच्या आडोशाला बसून मी ते पिळून काढायची आणि पायाखाली येऊ नये म्हणून निंबाच्या बुडाशी ओतायची. माझी सासू रामीबाई, जिला माझा नवरा लखन म्हणतो तसं मीही याडी, म्हणजे आई, म्हणते, ती बघायची आणि तोंड फिरवून घ्यायची.

सगळा तांडा खालच्या पडीत वावरात झोपायचा. मधे जनावरं, भोवती माणसं. भिंतीखाली पुन्हा अडकू नयेत म्हणून जनावरांची दावी सोडून ठेवलेली. आणि इथंच सगळा गोंधळ सुरू झाला. एखाद्या गाईनं माशी उडवायला मान हलवली की गळ्यातली घंटी वाजायची. एक वाजली की दुसरी, मग सगळ्याच. आणि कुणीतरी झोपेतून किंचाळायचं, "आला! आला!" की सगळी माणसं उभी. पोरं रडताहेत, म्हातारे काठ्या शोधताहेत, आणि गाई शांतपणे रवंथ करताहेत.

"भूकंप कमी अन् आपणच जास्त हलून राह्यलो," माझे सासरे शंकरसिंग म्हणाले. सगळे हसले, पण डोळे झोपेनं लाल होते.

शेवटी तांड्यानं बसून ठरवलं, की घंट्या काढायच्या. आमच्याकडे ही साधी गोष्ट नव्हे. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत, तेव्हा घंट्यांच्या आवाजावरच झोपत. आवाज थांबला की जाग यायची, म्हणजे जनावर कुठंतरी गेलं. सासऱ्यांनी हे सांगितलंही. पण स्वतःच आधी उठून आमच्या कबरी गाईची घंटी सोडली, आणि सगळ्यांच्या घंट्या एका बोरीत भरून बोरीचं तोंड बांधलं.

त्या रात्री तांडा मेल्यासारखा झोपला.

उजाडता उजाडता धरणी पुन्हा हलली. पहिल्यापेक्षा हलकी, पण जमिनीतून गुरगुर आली ती मोठी. जनावरं उठली आणि वाट फुटेल तिकडं पळाली. दुपारपर्यंत एकेक करून परत आली. आमची कबरी आली नाही. ती नुकतीच व्यालेली. तिचा गोऱ्हा ताडपत्रीच्या कोपऱ्यात थरथरत उभा होता.

जंगलात गाय डोळ्यांनी नाही शोधत, कानांनी शोधतात. सागाची पानं गळून डोंगर उघडा पडला होता, तरी तिकडच्या खोऱ्यांत गाय दिसते होय? लखन, सासरे, तांड्यातली आणखी माणसं डोंगर पालथा घालून आली. वरच्या पाणवठ्याच्या चिखलात कबरीचे खूर उमटलेले होते. एकदा ती लांबून दिसलीही. माणूस बघून अशी उधळली की जणू माणसानंच धरणी हलवली होती.

गोऱ्ह्याला मी शेळीचं दूध बाटलीनं पाजू लागले. पहिल्या दिवशी तोंड लावेना, नुसता हंबरायचा. त्याच्या प्रत्येक हंबरण्याला माझी छाती भरून यायची, पदर ओला व्हायचा. मग त्यानं बाटली धरली. पण हगवण लागली, पाठीचा कणा वर आला. ममता मॅडमनी त्याचे डोळे ओढून बघितले.

"औषध देते. पण याला आईचंच पाहिजे, जया. गाय सापडली नाही तर मी काही सांगू शकत नाही."

त्याच दिवशी आईचा फोन आला. आवाजात आनंद होता.

"आज अजिबात रडली नाही वं! बाटली धरली चांगली. रात्री एका झोपेत सकाळ. सुटलं तर सुटू दे आता अंगावरचं, तुलेही मोकळं."

"चांगलं झालं," मी म्हणाले. "फोन तिच्या कानाला लाव ना."

मी तिला हाक मारली. पलीकडून चमच्याचा आवाज येत होता, ताटलीवर काहीतरी वाजवत होती. पुन्हा हाक मारली. चमचा थांबला नाही.

फोन ठेवून मी गोऱ्ह्याजवळ गेले. मला बघताच तो उठला आणि माझ्या हाताला ढुशी देऊ लागला, बाटलीसाठी. आता तो हंबरतही नव्हता.

"तिले इथं आणता येत नाही," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तर याले तिथं नेऊ. पाणवठ्यावर."

याडी चुलीजवळून उसळली. "बिबट्या राह्यते तिथं! अन् तुले काहून एवढी घाई? स्वतःचं लेकरू नेरले, अन् दुसरीचं लेकरू कडेवर घेऊन फिरून राह्यली!"

 लखन मान खाली घालून मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत बसला. मी बाटली धुवायला घेतली. धुतलेलीच होती, तरी धुतली.

थोड्या वेळानं याडी जवळ आली. माझ्याकडे न बघता तिनं पदराच्या गाठीतलं जाडं मीठ माझ्या हातात ओतलं. "त्याच्या पाठीले चोळ. त्याले आता तुह्या औषधाचा वास येऊन राह्यला. माय ओळखणार नाही."

ऊन कलल्यावर निघालो. लखन गाडी चालवत होता, मी मागे, आणि मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला गोऱ्हा. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर. गाडी दगडावरून उडाली की तो नाक माझ्या मानेत खुपसायचा. गरम, ओलं नाक. मी त्याची पाठ थोपटत होते. किती दिवसांनी माझ्या हाताला थोपटायला काही मिळालं होतं.

"रडून राह्यली का?" लखननं पुढं बघतच विचारलं.

"धूळ गेली डोळ्यात."

"माह्याही गेली," तो म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "ते चमच्याचं तुह्या मायनं सांगितलं मले. फोनवर मले बोलवायचं होतं ना. मी बोललो असतो उर्वशीशी."

"तुमचा आवाज ओळखते?"

"नाही ओळखत. पण तू एकटी नसती पडली, दोघांलेही नसतं ओळखलं तिनं."

गाडी पायथ्याशी ठेवून चढलो. पाणवठा म्हणजे खडकातलं एक डबकं, भोवती पळसाची झाडं. मी गोऱ्ह्याच्या पाठीला, मानेला मीठ चोळलं, त्याला पळसाच्या खोडाला सैल बांधलं आणि दहा-पंधरा हातांवर बसले. तो माझ्याकडे तोंड करून बसला. शांत. मी दिसतेय ना, मग झालं.

उन्हाची तिरीप खडकावरून सरकत गेली. कबरी आली नाही.

"आवाज केल्याशिवाय तिले कसं समजन?" लखन कुजबुजला. "याले काही झालं का? हे तर ओरडूनच नाही राह्यलं."

काय झालं होतं ते मला कळलं. तो हंबरत नव्हता कारण मी समोर होते.

"मी जाते," मी म्हणाले.

"कुठं?"

"त्याले दिसणार नाही असं."

मी उठले तसा गोऱ्हाही उठला. मी चालू लागले. त्यानं दावं ताणलं. मोठ्या खडकामागं जाऊन मी खाली बसले आणि तोंडावर पदर दाबून धरला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग त्यानं हाक मारली. बारीक, फाटकी. पुन्हा मारली. मग थांबेचना. मला उठायचं होतं, धावत जायचं होतं. माझं पोलकं भिजून चिंब झालं होतं आणि मी त्या खडकाला धरून बसून होते. तो मला हाक मारत होता आणि मी मनात त्याच्या आईला म्हणत होते, ये ना गं बाई. ये आता. मला नाही ऐकवत.

मग सागाच्या वाळल्या पानांचा आवाज आला. जड पावलांचा. मी खडकाच्या कडेनं बघितलं.

कबरी उभी होती. हाडं निघालेली, एका शिंगाला वेल अडकलेला. ती पुढं आली, गोऱ्ह्याला हुंगलं, आणि डोक्यानं त्याला बाजूला ढकललं. तो पडला. उठून पुन्हा तिच्याकडे गेला. तिनं पुन्हा ढकललं आणि पाठ फिरवली. पलीकडे लखन अर्धवट उठला होता. मी हातानं त्याला बस म्हणून खुणावलं.

गोऱ्हा तिथंच उभा राहिला, खाली मान घालून. कबरी पाणी प्यायली. जायला निघाली. मग काय वाटलं कोण जाणे, वळून आली आणि त्याच्या पाठीवरून एकदा जीभ फिरवली. थांबली. पुन्हा फिरवली. मग मानेवरून, कानावरून, चाटत राहिली, चाटत राहिली. अंधारू लागलं तेव्हा गोऱ्ह्याची शेपटी हलू लागली होती आणि त्याच्या तोंडातून दुधाचा फेस गळत होता.

आम्ही त्याचं दावं सोडलं आणि दोघांना पुढं घालून लांबूनच मागं चाललो. गाडी पायथ्यालाच राहिली. कबरी तांड्याच्या वेशीपर्यंत आली आणि थांबली. आत येईना. सासरे बोरीतली घंटी घेऊन आले तर फुस्स करून मागं सरली. शेवटी याडीनं घमेल्यात पाणी आणि मूठभर सरकीची ढेप तिथंच नेऊन ठेवली, वेशीबाहेर. "राहू द्या तिले तिथं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अन् तू उद्या नेरले जाय. पोरगी घेऊन ये. ताडपत्रीखाली निजन, काही होत नाही."

"पट्ट्या?"

"मी बांधतो पट्ट्या," सासरे म्हणाले. "उलट्या-सुलट्या बांधीन, पण बांधीन."

सकाळच्या बसनं मी गेले. आई उर्वशीला घेऊन नेरच्या स्टँडवरच आली होती. डोक्याला नवीन टोपडं, गालाला तीट, अंगाला आईच्या घरच्या साबणाचा वास. मी हात पुढं केले. तिनं माझ्याकडे बघितलं, सगळ्यांकडे बघतात तसं, आणि आजीच्या खांद्यात तोंड लपवलं.

"अगं, माय आहे तुही!" आई ओशाळून म्हणाली आणि तिला माझ्या हातात कोंबू लागली. उर्वशीनं ओठ काढला.

"राहू दे," मी म्हणाले. "जरा वेळ तुझ्याकडेच राहू दे."

आम्ही बाकावर बसलो. शेजारी शेजारी, मधे वीतभर जागा. मी तिच्याकडे बघत नव्हते, आईशी बोलत होते, गोऱ्ह्याबद्दल, भिंतीबद्दल. माझा हात बाकावर तसाच पडू दिला होता. दिग्रसची गाडी लागली. लोक चढले. कंडक्टरनं दारातून विचारलं, "बाई, येता का?"

आजीच्या पदराआडून एक डोळा माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बघत होता.

"तुम्ही जा," मी म्हणाले. "मी पुढच्या गाडीनं येते."