दसरा चुकलेली रायफल

मित्रांनो, मी एक जुनी एकबारी रायफल आहे. एकामागून एक पाच गोळ्या झाडणाऱ्या माझ्या बहिणी येण्याआधी सातासमुद्रापलीकडे माझा जन्म झाला. माझं काम साधं. चापाखालची दांडी खाली ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा खाचेतून सरळ खाली उतरतो. काडतूस घालून दांडी वर केली की तो वर चढून नळी घट्ट बंद करतो. एक बार, की पुन्हा तेच. उतावळ्या माणसाचं माझ्याशी जमत नाही.

एका साहेबानं मला शिकारीसाठी चिखलदऱ्याला आणलं आणि जाताना माझे पुढचे मालक नत्थुजी, त्यांच्या आजोबांना देऊन टाकलं. तेव्हापासून अंजनगाव सुर्जीजवळच्या शेतात मी राखण केली. पुढे कपाशीनं दगा द्यायला सुरुवात केली आणि रानडुकरंही वाढली. नत्थुजी हवेत बार काढत, तेव्हा शेजारची दहा शेतं वाचत. लोक माझं कौतुक करत आणि मी फुगून जाई.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, नत्थुजी माझा ठोकळा बाहेर काढून पुसत, तेल देत. मग त्यांच्या पत्नी सुभद्राबाई माझी पूजा करत.

दोन हजार चार साली ऐन पिकाच्या दिवसांत निवडणूक लागली. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. मी पावसात भिजतच तिथे पोहोचले. परत आले तेव्हा दसरा होऊन गेला होता.

सुभद्राबाई म्हणाल्या, "दसऱ्याले हिची पूजा राह्यली. आता तरी कुकू लावू द्या."

पाण्यात कालवलेलं कुंकू त्यांनी ठोकळ्यावर ठसठशीत लावलं. ओघळ खाचेत उतरला. पूजा झाली म्हणजे सगळं झालं, असं नत्थुजींना वाटलं. तेल राहूनच गेलं.

आठ दिवसांनी सकाळी सुभद्राबाई कापूस वेचत होत्या. तुरीतून डुक्कर थेट त्यांच्या अंगावर आलं. नत्थुजींनी दांडी ओढली. ती हललीच नाही. त्यांनी पुन्हा ओढली, मग मलाच काठीसारखं उगारून धावले. तोवर सुळा मांडीत घुसला होता. अमरावती गाठण्याआधीच जीपमध्ये सुभद्राबाई गेल्या. मला फार लाज वाटली, अजून वाटते.

तेरवी झाल्यावर नत्थुजी मला अमरावतीच्या कुर्बानभाईंकडे घेऊन गेले. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. नत्थुजींना बाहेर बसवून त्यांनी ठोकळा ठोकून बाहेर काढला. खाचेत गंज होता आणि त्यात कुंकू लाखेसारखं घट्ट बसलं होतं. कुर्बानभाई ते क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी ते खरवडून चिंधीनं पुसलं आणि चिंधी खिशात घातली.

"काहून अडकली होती हे, कुर्बानभाई?"

"गंज होता, नत्थुजी. पावसाचा गंज."

मित्रांनो, कामाच्या वस्तूला हार-कुंकू जरूर वाहा, पण आधी ती उघडून पुसा, तेल द्या. आणि नत्थुजी कधी भेटले, तर त्यांना एवढंच सांगा, की गंज होता.