गादीखालून थेट जहाजावरच्या पंगतीला

मित्रांनो, मी एक चटई आहे. थांबा, लगेच जमिनीकडे बघू नका. मी अंथरायची चटई नव्हे, कमरेला गुंडाळायची चटई आहे. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवर आम्हाला ताओवाला म्हणतात. चर्चला जायचं असो, लग्नाला जायचं असो की थोरामोठ्यांसमोर बसायचं असो, आमच्यावाचून बाहेर पडलेला पुरुष म्हणजे अर्धेच कपडे घालून निघालेला पुरुष. माझं वय पंचावन्न. रंग मधाचा. खालची किनार विरलेली आहे आणि डाव्या कोपऱ्याला बोट जाईल एवढं भोक आहे. त्या भोकाकडे बघून नाक मुरडू नका हं! आमच्यात चटई जितकी जुनी तितका तिचा मान मोठा. आणि भोकाची हकिकत पुढे यायचीच आहे.

माझा जन्म वावाऊ बेटावरचा. तुमच्या केवड्याच्या भावकीतलं एक झाड असतं, त्याची पानं कापली, काटे काढले, पानं उकळली आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवली. मग ती उन्हात वाळवून त्यांच्या बारीक बारीक पट्ट्या चिरल्या. तोकिलुपे नावाची वीस वर्षांची मुलगी आपल्या आयामावश्यांबरोबर चर्चच्या पडवीत मला विणायला बसली. तिचं लग्न मोसेसेशी ठरलं होतं आणि मी त्याच्या कमरेसाठी होते. विणता विणता त्या बायकांनी गावातलं एकही माणूस सोडलं नाही! मी तेव्हा जे ऐकलं ते सांगायला बसले तर अजूनही दोन घरांत भांडणं लागतील.

"अगं, किती लांब विणतेस?" एक मावशी म्हणाली. "नवरा आहे की नारळाचं झाड?"

"राहू दे गं लांब," तोकिलुपे म्हणाली. "उद्या पोट सुटलं म्हणजे?"

आणि सुटलं की! पहिल्या दहा वर्षांतच सुटलं. पण माझं काही अडलं नाही. शर्टाला माप असतं, पँटीला माप असतं, मला नसतं. सडपातळ माणसाला मी दोन वेढे जास्त घेते, जाड्याला दोन कमी. वरून काथ्याची दोरी बांधली की झालं.

आमच्या कुळाची एक गोष्ट सांगते, म्हणजे माझा तोरा तुम्हाला कळेल. फार पूर्वी काही खलाशी दर्यावर खूप दिवस भरकटून परत आले. अंगावरच्या कपड्यांच्या पार चिंध्या झालेल्या. राजासमोर असं कसं उभं राहायचं? तेव्हा त्यांनी होडीचं चटईचं शीड कापलं आणि तेच कमरेला गुंडाळलं. राजा इतका खूश झाला म्हणतात, की दरबारात सगळ्यांनी हेच नेसावं असा त्याने हुकूम काढला. म्हणजे बघा, जहाजावरून आलेल्या माणसाने मानाच्या ठिकाणी काय नेसावं, हा प्रश्न आमच्या घराण्यात पहिल्यापासूनचा आहे.

लग्नानंतर मोसेसे आणि तोकिलुपे सिडनीला आले. मीही आले, त्यांच्या एकुलत्या एका पेटीतून. मोसेसे सहा दिवस कोंबड्यांच्या कारखान्यात राबायचा आणि सातव्या दिवशी मला गुंडाळून ताठ मानेने चर्चला निघायचा. रस्त्यातली पोरं कधी हसायची. तोही त्यांच्याकडे बघून हसायचा आणि चालायला लागायचा. किती लग्नं बघितली मी, किती बारशी बघितली! घरातल्या प्रत्येक सणाला जेवणाआधीची प्रार्थना मोसेसेच म्हणायचा, आणि ती म्हणताना मी त्याच्या कमरेला असायचे. पुढे नातवंडं झाली, ती त्याच्या मांडीवर म्हणजे माझ्यावरच वाढली. तोकिलुपे आता सगळ्यांची नेना झाली होती. आमच्याकडे आजीला नेनाच म्हणतात.

मग मोसेसे गेला. त्याला चार वर्षं झाली. नेनाने मला नीट पसरून आपल्या गादीखाली ठेवलं. आमच्यात चटया तशाच ठेवतात, सरळ राहाव्यात म्हणून. पण मित्रांनो, चार वर्षं! वर नेना घोरायची आणि खाली मी पडून राहायचे. मला फार एकटं वाटायचं. कोणी मला नेसेल अशी आशाच मी सोडून दिली होती.

आणि एका सकाळी गादी उचलली गेली. नेनाचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि सगळं घर मिळून नऊ जणं मोठ्या जहाजाने नूमिया बंदराच्या बाजूला फिरायला निघाली होती. नेनाने मला झटकलं, खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि गुंडाळी करून बॅगेत घातलं. माझा आनंद तुम्हाला काय सांगू!

पण त्या आनंदावर पहिल्याच दिवशी विरजण पडलं. जहाजावरच्या खोलीत नेनाने मला तिच्या पंधरा वर्षांच्या नातवासमोर उलगडलं. त्याचं नाव हेनेली. वर्षभरात असा उंच झाला होता की खोलीच्या दारात वाकावं लागत होतं.

"परवा माझा वाढदिवस," नेना म्हणाली. "त्या दिवशी खालच्या मोठ्या हॉलमध्ये मानाचं जेवण आहे. तू आजोबांची चटई नेसायचीस आणि त्यांच्यासारखी प्रार्थना म्हणायचीस. मला दुसरं काहीसुद्धा नको."

हेनेलीचा चेहरा पडला. "प्रार्थना म्हणतो, नेना. पण हे नको. केवढं फाटलंय बघ. माझ्या वयाची पोरं असणार तिथे. म्हणतील, जहाजाचं पायपुसणं पळवलं."

पायपुसणं! मला! माझी एकेक पट्टी ताठ झाली. नेना मात्र उठली. तिने माझी घडी केली आणि मला उशाशी ठेवलं. त्या रात्री ती घोरली नाही, एवढं मला माहीत आहे.

दोन दिवस हेनेली जहाजभर उंडारत होता. जेवायला यायचा तो घसरगुंडीवरून थेट, ओल्या हाफ पँटीत आणि रबरी चपलांत. वरच्या मजल्यावर ते चालायचं. तिथे त्याला कूपर नावाचा एक दोस्त भेटला होता, आणि दोघांनी मिळून पिझ्झाचा फडशा पाडायचं काम हाती घेतलं होतं. वाढदिवसाच्या सकाळी दाराखालून एक कागद आला. हेनेलीचा बाप फेलेती तो पाद्र्याच्या सुरात वाचायला लागला. "आज संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये पुरुषांनी लांब पँट आणि कॉलरचा शर्ट घालावा. रबरी चपला, हाफ पँट आणि पोहण्याचे कपडे चालणार नाहीत. ऐकलंत का, महाराज?"

"ऐकलं," हेनेली म्हणाला. "आत्याने शिवलेली पँट आहे ना."

ही आत्या म्हणजे व्हिका, फेलेतीची बहीण. तिने सगळ्या घरादारासाठी एकाच जांभळ्या फुलाफुलांच्या कापडाचे कपडे शिवले होते. पुरुषांना वर जांभळा शर्ट आणि खाली काळी पँट. आमच्या लोकांत मोठ्या प्रसंगाला सगळं घर एका कापडात दिसलंच पाहिजे. चूक एवढीच झाली, की व्हिकाने हेनेलीचं माप घेतलं होतं गेल्या नाताळचं.

संध्याकाळी पाच वाजता हेनेलीने शर्ट चढवला. तो कसाबसा बसला. मग पँट. ती घोट्याच्या वर चांगली वीतभर राहिली. त्याची मोठी बहीण लोसालिने पलंगावर पडून हसायला लागली. "अरे, पूर आलाय का खाली? खेकडे धरायला चाललास?"

"गप्प बस," हेनेली म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

टर्रर्र! शिवण मागून पार कमरेपर्यंत उसवली.

व्हिका धावत आली, तिच्या कडेवर तिची सात महिन्यांची मालिया. "अगंबाई! दोन महिने मशीनवर बसून शिवली रे मी ती! सुई आण, सुई आण!" पण सुई लावायला कापड उरायला हवं ना. फेलेतीने आपली दुसरी पँट देऊ केली, तर तिच्यात दोन हेनेली मावले असते.

हेनेलीला मात्र आतून बरंच वाटत होतं. मला दिसत होतं ते, मी समोरच होते. "मग मी वर जेवतो," तो म्हणाला. "वर हाफ पँट चालते. केक कापायला येईन ना खाली, दारापर्यंत."

नेना जांभळा झगा घालून, डोक्यात फूल खोचून तयार बसली होती. तिने फूल काढून मांडीवर ठेवलं. मला रडू आलं असतं, पण चटईला रडता येत नाही.

तेवढ्यात लोसालिनेने तो दाराखालचा कागद उचलला. "ए, बाबांनी शेवटची ओळ वाचलीच नाही. 'किंवा आपापल्या देशाचा पारंपरिक पोशाख.' आता बोल."

"ते फाटकं..." हेनेली पुटपुटला.

"फाटकं म्हणे! नेना, सांग ना याला कोणी फाडलं ते."

नेनाने मला मांडीवर घेतलं आणि डाव्या कोपऱ्यावर हात ठेवला. "हे भोक तुझ्या दातांचं आहे," ती हेनेलीला म्हणाली. "आठ महिन्यांचा होतास. पाद्र्याचं प्रवचन संपता संपेना आणि तू आजोबांच्या मांडीवर. कोपरा घातलास तोंडात आणि चावायला लागलास, उंदीर बरा. मी ओढायला गेले, तर हे म्हणाले, 'राहू दे, तोकी. दात येतायत त्याचे.' प्रवचन संपेपर्यंत तू निम्मा कोपरा खाल्लास! दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीला बसले, तर यांनी माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. म्हणाले, 'हे भोक बुजवायचं नाही. माझ्या नातवाची सही आहे ती.' पुढे दर रविवारी प्रवचन लांबलं की त्यात बोट घालून बसायचे."

हेनेली खाली बसला. उसवलेल्या पँटीतच बसला. त्याने माझ्या भोकात बोट घातलं. ते नेमकं बसलं.

"मला कोणी सांगितलं नाही कधी," तो म्हणाला.

"तू कधी विचारलंस?" नेना म्हणाली.

तो उठला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. "नेसव, नेना. पण पोट आवळू नकोस हं. जेवायचंय मला."

मग काय विचारता! फेलेतीने स्वतःसाठी आणलेलं काळं तुपेनू काढून दिलं. ते तुमच्या लुंगीसारखंच असतं, त्यालाही माप नसतं. बापाच्या चामडी सँडल पोराला बरोबर आल्या, कारण पाय तेवढे बापाएवढे झाले होते. आणि मग नेनाने मला त्याच्याभोवती फिरवलं. स्वतःच त्याच्याभोवती गोल गोल फिरत होती, "श्वास घे, सोड, वाकडा उभा राहू नकोस" म्हणत होती. चार वर्षांनी मला माणसाच्या अंगाची ऊब लागली. मी नेहमीपेक्षा दोन वेढे जास्त घेतले. दोरी बांधून नेना मागे सरकली आणि बघतच राहिली.

"अगदी मोसेसे," ती म्हणाली. "पोट सोडून."

लोसालिनेने खाली पडलेलं फूल उचलून नेनाच्या डोक्यात परत खोचलं.

हॉलच्या दाराशी एक बाई सगळ्यांचे कपडे बघत उभी होती. आमच्यापुढच्या एका गृहस्थाला तिने हाफ पँटीवरून परत पाठवलं. हेनेलीने पोट आत ओढून घेतलं, मला कळलं ना ते. पण बाईने माझ्याकडे बघितलं, बाजूला झाली आणि म्हणाली, "या. तुमचं टेबल खिडकीपाशी आहे."

आणि टेबलाकडे जाताना नेमका कूपर आडवा आला! आईने पकडून आणलं होतं बिचाऱ्याला. गळ्यात टाय, मान लालबुंद.

"ए हेनेली, हे काय घातलंयस?"

मी घाबरले. मित्रांनो, खरंच घाबरले. पायपुसणं हा शब्द मी विसरले नव्हते.

"आजोबांची आहे," हेनेली म्हणाला.

"टाय नाही लावायला लागत याच्यावर?"

"नाही."

"आयला, नशीबवान आहेस," कूपर म्हणाला आणि टाय ओढत आपल्या टेबलाकडे गेला.

हेनेलीने उभं राहून प्रार्थना म्हटली. मध्येच एक ओळ विसरला. त्याने हळूच भोकात बोट घातलं, आणि ओळ आठवली. नेना डोळे मिटून ऐकत होती. "आमेन" सगळ्यात मोठ्यांदा तिनेच म्हटलं, चार टेबलं वळून बघायला लागली. मग जे जेवले सगळे! मासे झाले, भाजलेलं मटण झालं, केकचे तीन तीन तुकडे झाले. दोरी दोनदा सैल करावी लागली.

केक खाताना व्हिकाने मालियाला हेनेलीच्या मांडीवर दिलं. पोरगी लाळ गाळत इकडेतिकडे बघत होती. तिला माझा उजवा कोपरा सापडला. तो तिने थेट तोंडात घातला आणि चावायला लागली.

"अगंबाई, आईची चटई!" व्हिकाने झडप घातली.

हेनेलीने तिचा हात अडवला. "राहू दे, आत्या," तो म्हणाला. "दात येतायत तिचे."

नेनाने हातातला चमचा खाली ठेवला. ती आधी हसली, मग हसता हसता रडली, आणि मग सगळं टेबलच हसायला लागलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाच्या तरी गादीखाली, पेटीत, माळ्यावर माझ्यासारखं कोणीतरी पडलेलं असेल. त्याला बाहेर काढा. ते फाटकं दिसलं, तर कोणी फाडलं ते एकदा घरात विचारा. आणि मग ते नेसा, मिरवा, त्याच्यावर सांडू द्या. आम्ही वापरून कमी मरतो, ठेवून जास्त मरतो. मला मात्र आता गादीखाली जायचं नाही. उद्या हेनेली मला वरच्या मजल्यावर नेणार आहे, कूपरला नेसून बघायचंय म्हणे. आत्ता मी खुर्चीच्या पाठीवर वाळत पडले आहे. माझा उजवा कोपरा अजून ओला आहे.