थांबायची खूण

पहिल्याच ठोक्याला शेजारच्या चिमणाबाईच्या मांडणीवरचे डबे खाली आले. दुसऱ्या ठोक्याला भिंतीला तडा गेला, आणि तिसरा बहिरूने मारलाच नाही. पंचवटीतली ती अख्खी चाळ दारात येऊन उभी होती. त्याने गुपचूप बटण बंद केलं.

सातपूरकडचा एक कारखाना बंद पडला, तेव्हा तिथला जुना पॉवर हॅमर, म्हणजे विजेवर चालणारा हा घण, बहिरू लोहाराने मिनतवाऱ्या करून मिळवला होता. हौस म्हणून नव्हे, बायकोचा खांदा गेला होता म्हणून. लग्न होऊन आल्यापासून घण कुसाबाईच मारायची. बहिरू सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि हातोडीने जागा दाखवायचा, तिथेच तिचा घण पडायचा. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. दिवसभरात दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच. घण त्याच्या डोक्यावरून खाली यायचा, पण बहिरूने कधी मान वर करून पाहिलं नाही. खूण केली की तो सरळ हात पुढे घालायचा.

आता मात्र कुसाबाईला वेणी घालायला हात वर नेतानाही कळ यायची. ती सांगायची नाही. बहिरूला ते घणाच्या आवाजावरून कळायचं.

मग जागेचा शोध सुरू झाला. निफाडच्या एका बागायतदाराने आधी हो म्हटलं, मग हादऱ्याने द्राक्षाचे मणी गळतील अशी शंका काढली. एका शेडवाल्याला शेजारच्या मंगल कार्यालयाची काळजी. तिथला बँड सगळ्या वस्तीच्या कानठळ्या बसवायचा, ते सोडा. कुदळ सगळ्यांना हवी असते, ती घडतानाचा आवाज मात्र दुसऱ्याच्या दारात हवा. दोन पावसाळे हॅमर ताडपत्रीखाली गंजत पडला आणि दोन पावसाळे कुसाबाई घण मारत राहिली. तिचा हात पुरता जाण्याआधी जागा मिळायला हवी होती.

शेवटी दिंडोरी रस्त्याला एक मोडकी वीटभट्टी मिळाली. आसपास तक्रार करायला माणूस नाही. पाया खणला, बाभळीचे ओंडके बसवले, हॅमर उभा राहिला. पायाने पेडल दाबलं की तो ठोके घालायचा, पाय उचलला की थांबायचा. बहिरूने बायकोच्या हातातला घण काढून घेतला आणि कोपऱ्यात ठेवला.

"आता तू बस. लय झालं."

ती बसली. भट्टीजवळ रिकाम्या हाताने बसायची तिची ही पहिलीच वेळ. हॅमर धाडधाड चालत होता, तिचं दिवसभराचं काम चहा निवायच्या आत उरकत होता. खरं सांगायचं तर कुसाबाईला त्या हॅमरचा रागच आला. दुसऱ्या दिवशी घरी काम आहे म्हणाली आणि पुढे आलीच नाही.

आठवडाभरात व्हायचं ते झालं. कुदळीचं पातं ठोकून लांबवून झालं तसं बहिरूने सवयीने हॅमरच्या ऐरणीच्या कडेवर हातोडी वाजवून ठेवली आणि छिन्नी लावायला उजवा हात पुढे घातला. पाय पेडलवर तसाच होता. मशीनला ती खूण कुणी शिकवली नव्हती. दोन बोटं गेली.

दवाखान्यात कुसाबाई उशाशी बसून राहिली. तो म्हणाला, "मला वाटलं, थांबशील तू."

मी असते तर थांबलेच असते, असं तिच्या मनात आलं. तिने त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताखाली चादरीची घडी सरकवली.

जखम भरल्यावर तीच त्याच्याआधी वीटभट्टीवर जाऊन बसली. पेडलसमोर स्टूल ओढलं. "पाय माझा धड हाय," एवढंच म्हणाली. बहिरूने उरलेल्या बोटांत हातोडी धरली. लोखंडावर वाजली की ती पेडल दाबायची, नुसत्या ऐरणीवर वाजली की पाय उचलायची. काम जमलं. तिची एकदाही चूक झाली नाही.

पण आता खूण केल्यावर बहिरू लगेच हात पुढे घालत नसे. आधी वाकून तिच्या पायाकडे बघायचा, पाय उचललेला दिसला की मगच हात घालायचा. दर वेळी. कुसाबाईला ते कळायचं. पाय चांगला उंच उचलून, त्याचं बघून होईपर्यंत तसाच धरून ठेवायची.