सुलेखानं निवडलेली काडतुसं

राजाराम देवस्थळ्यांनी जेवणाच्या टेबलावर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली आणि बायकोला म्हणाले, "सुलेखा, यातली कुठली वापरू ते तू सांग."

ताटं अजून उचलायची होती. तेरा वर्षांची संध्या हातातला घास तसाच धरून खोक्यांकडे बघत राहिली. सुलेखानं तिला वर जायला सांगितलं. "आय नो व्हॉट दे आर, आई," म्हणत ती उठली, पण जिन्यातच बसली असावी. वरच्या खोलीचं दार वाजल्याचं काही ऐकू आलं नाही.

राजाराम मूळचे इंजिनिअर. नागपूरहून येऊन त्यांनी डेट्रॉइटजवळ, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात बारा वर्षं डिझाइनचं काम केलं. ब्याऐंशी साली कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात यांचंही नाव निघालं. अर्ज पाठवून पाठवून थकल्यावर त्यांनी शहराच्या पश्चिम भागात कोपऱ्यावरचं एक दुकान घेतलं. बिअर, सिगारेटी, दूध, ब्रेड, लॉटरीची तिकिटं असला सगळा माल. राहायला ते शहराबाहेर, नोव्हाय या उपनगरातच होते.

तीन-साडेतीन वर्षं बरी गेली. मग शहाऐंशीच्या फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या सुमाराला, दोघं जण आत आले. एकानं पिस्तुलाच्या दांड्यानं राजारामांच्या कानशिलावर मारलं आणि त्यांना फरशीवर पालथं पाडलं. सात टाके पडले. उजव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं. पण त्यांना लागून राहिलं ते वेगळंच. "मी त्याला सर म्हणत होतो," ते सुलेखाला एकदाच म्हणाले. "प्लीज सर, प्लीज सर. फरशीला तोंड लावून."

दुकान विकायला काढलं तर कोणी फिरकलं नाही. बंद करा, असं सुलेखा तीनदा म्हणाली. तिन्ही वेळा राजारामांनी विचारलं, "आणि करू काय?" मे महिन्यात काउंटीनं त्यांना रिव्हॉल्वर जवळ बाळगायचा परवाना दिला, फक्त दुकानात आणि दुकानाच्या वाटेवर. त्यांनी आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर घेतलं. दर शनिवारी ते नेम धरायला जाऊ लागले. आणि आज बंदुकांच्या दुकानातला म्हातारा त्यांना म्हणाला होता, तुझी बायको डॉक्टर आहे ना, मग दोन्ही खोकी घेऊन जा आणि तिलाच विचार. माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं.

त्याचं म्हणणं खरं होतं. सुलेखा शहरातल्या मोठ्या इस्पितळात रेडिऑलॉजिस्ट होती. अंधाऱ्या खोलीत बसून दिवसभर एक्स-रे वाचायचे, हे तिचं काम. त्या वर्षांत गोळी नसलेला आठवडा तिला आठवत नव्हता.

राजारामांनी दोन्ही खोक्यांतून एकेक काडतूस काढून तिच्यापुढे उभं केलं. "ही साधी. टोक गोल. ही आरपार जाते म्हणे. आणि ही बघ, हिच्या टोकाला खळगा आहे. अंगात शिरली की उमलते आणि आतच राहते. तो म्हणाला, माणूस थांबवायचा असेल तर हीच घे."

"माणूस थांबत नाही," सुलेखा म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्हाला वाटतं, गोळी लागली की तो तिथल्या तिथे कोसळेल. काही कोसळतात. काही पोटात तीन गोळ्या घेऊन आपल्या पायांनी चालत येतात आणि नर्सला नाव-पत्ता सांगतात. मेंदूला किंवा मणक्याला लागली तरच खात्रीनं थांबतो. बाकी सगळं नशिबावर."

"मग दोन्ही सारख्याच म्हणायच्या?"

इथे सुलेखा अडकली. सारख्या नव्हत्या. गेल्याच महिन्यात बसची वाट बघत उभी असलेली एक बाई आली होती. कुणा दुसऱ्याच्या अंगातून बाहेर पडलेली गोळी तिच्या मानेत बसली होती. फिल्मवर ती गोळी जशीच्या तशी दिसत होती, आत्ता खोक्यातून काढल्यासारखी. खळग्याच्या गोळ्यांच्या फिल्माही तिनं पाहिल्या होत्या. पाकळ्या वळलेल्या, भोवती शिशाचा चुरा, आणि त्या चुऱ्याच्या जागी काही वेळापूर्वी माणसाचं यकृत असायचं.

"तुमच्या काउंटरवरून काचेपलीकडे काय दिसतं?" तिनं विचारलं.

"लॉन्ड्रोमॅट. तुला माहीत आहे की."

तिला माहीत होतं. तिथे बायका कपडे सुकेपर्यंत बाकावर बसून राहायच्या, कडेवर मुलं असायची. तिनं दुसऱ्या खोक्यावर बोट ठेवलं. "ही."

"नक्की?"

"नक्की काही नसतं. आरपार जाऊन तिकडे कुणाला लागू नये, म्हणून ही."

राजारामांनी तिच्यासमोरच रिव्हॉल्वरची पाचही घरं भरली. जिन्यात पायरी करकरली आणि मग वरचं दार लागलं. भांडी विसळताना सुलेखाच्या मनात आलं, इतके महिने आपण रिव्हॉल्वर नको म्हणत होतो, आणि आज विचारल्याबरोबर निवड करून दिली. सांगितलं नसतं तर त्यांनी म्हाताऱ्याचं ऐकून हीच भरली असती. पण त्या विचारानं बरं वाटलं नाही.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी तीन वाजता दुकानात एकटा माणूस आला. त्यानं दुधाचा डबा काउंटरवर ठेवला. त्याच्या दुसऱ्या हातात पिस्तूल आधीपासूनच होतं. राजारामांचा हात शर्टाकडे जेमतेम चार बोटं सरकला असेल. "डोन्ट," तो शांतपणे म्हणाला. राजारामांनी दोन्ही हात वर केले. त्यानं काउंटरवरून वाकून त्यांचा शर्ट उचलला, कमरेचं रिव्हॉल्वर काढून घेतलं, ते उघडून आतल्या गोळ्या पाहिल्या. "नाइस," म्हणाला. आणि दूध तिथेच ठेवून निघून गेला. गल्ल्याला त्यानं हातही लावला नाही.

सुलेखा दुकानात पोचली तेव्हा राजाराम बाटल्यांच्या उपड्या क्रेटवर बसले होते. "मला काढताच आलं नाही," ते म्हणाले.

"बरं झालं, नाही काढलं," ती म्हणाली. त्यांचा चेहरा, हात, पाठ, सगळं तिनं चाचपून पाहिलं. त्या दहा मिनिटांत तिला जगाकडून आणखी काही नको होतं.

मग पोलीस डिटेक्टिव्हनं विचारलं, "भरलेलं होतं?"

"हो. पाच."

"कुठली काडतुसं?"

राजारामांनी तिच्याकडे पाहिलं. तिनंच सांगितली. त्यानं लिहून घेतलं.

नवव्या दिवशी एका तिशीतल्या माणसाची फिल्म आली. डावी छाती, उमललेली गोळी, मापही तेवढंच वाटत होतं. सुलेखानं मायक्रोफोनमध्ये नेहमीच्या शब्दांत रिपोर्ट सांगितला आणि मग दिवा न लावता बसून राहिली. दुपारी तिनं डिटेक्टिव्हला फोन केला.

"डॉक्टर, ते खोकं इथे प्रत्येक दुकानात मिळतं," तो म्हणाला. "रिव्हॉल्वर हातात आल्याशिवाय गोळी ताडून बघता येत नाही. सापडलं की कळवतो."

हिवाळा लागेपर्यंत तिनं त्याला चार वेळा फोन केला. आधी तो समजुतीनं बोलायचा, नंतर जागेवर सापडेनासा झाला. मग तिनं डायरीच्या शेवटच्या पानावर तशा फिल्मांचे नंबर लिहायला सुरुवात केली. राजारामांना तिनं एकदाच सांगितलं.

"ती गोळी आपली नसेल," ते म्हणाले.

"आणि असेल तर?"

"तर मी काय करू? सांग ना, सुलेखा. खरंच सांग, काय करू?"

ते चिडून विचारत नव्हते. तिच्याजवळ उत्तर असेल, असं त्यांना वाटत होतं. तिनं कणकेत पाणी घातलं आणि मळत राहिली.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत एका इराकी कुटुंबानं दुकान घेतलं. उन्हाळ्यापर्यंत राजारामांना नोव्हायमध्येच एका लहान कंपनीत, निम्म्या वयाच्या पोरांच्या हाताखाली, काम मिळालं. घरात पुन्हा हसणं-बोलणं सुरू झालं. एकदा व्हायोलिनच्या क्लासहून परत येताना संध्यानं खिडकीबाहेर बघत विचारलं, "आई, डिड यू पिक द बेस्ट वन?"

कशाबद्दल, ते विचारायची गरज नव्हती. "त्यातल्या त्यात कमी वाईट वाटली ती घेतली."

"फॉर हूम?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि सुलेखानं गाडी पुढे काढली.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये शेजारच्या राज्यातल्या टोलेडो शहराच्या पोलिसांचं पत्र आलं. ते सुलेखानं पाहिलं नाही; राजारामांनी पाहिलं. रिव्हॉल्वर एका गाडीच्या सीटखाली सापडलं होतं, त्याच्यावरचा नंबर जुळत होता. आत तीन गोळ्या शिल्लक होत्या, दोन झाडलेल्या. परत हवं की नष्ट करायचं, याचा फॉर्म सोबत होता. राजारामांनी 'नष्ट करावं' यावर खूण केली, सही केली आणि ऑफिसला जाताना पाकीट टपालपेटीत टाकलं. रिव्हॉल्वर घरात परत येणार नाही, हे पक्कं झाल्यावर तीन आठवड्यांनी, चहा पिताना, त्यांनी तिला आनंदानं सांगितलं.

सुलेखानं टोलेडोला फोन लावला. फोनवरचा माणूस सभ्य होता. त्यानं कागद शोधले. "मॅडम, ते गेल्या सोमवारी वितळवलं."

"त्यातल्या दोन गोळ्या कुठे गेल्या?"

"कोण सांगणार? रिकाम्या डब्यांवर सुद्धा झाडल्या असतील."

"माझ्याकडे अकरा नंबर आहेत," ती म्हणाली आणि वाचायला लागली. सहाव्या नंबरापर्यंत त्यानं ऐकून घेतलं. मग हलकेच म्हणाला, "हे सगळे डेट्रॉइटचे आहेत. तुम्ही त्यांच्याशी बोला."

डेट्रॉइटचा डिटेक्टिव्ह निवृत्त झाला होता. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी सुलेखाचा फोन नंबर लिहून घेतला.

राजाराम दारात उभे होते. "माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं. कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी डावा कान तिच्याकडे वळवला होता. त्यांच्यावर रागवावं असं तिला फार वाटलं, पण राग काही येईना.

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "चहा गार झाला तुमचा."