कुलपासमोर पाणी

सहलीला जायचं म्हटलं की आमच्याकडच्या मुली आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात, म्हणजे प्यायचंच बंद करतात. हे कोणी शिकवत नाही. थोरल्या करतात ते बघून धाकट्या करतात. मुलगे कुठंही बस थांबवून बाभळीमागे जाऊन येतात, आणि आम्ही तेवढा वेळ दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत बसतो.

मागच्या वर्षी या पाणी तोडण्यापायीच माझी मैत्रीण काजल निसर्ग उद्यानात भोवळ येऊन पडली. सुधाकर सरांनी तिथल्या तिथं निदान केलं, "पोरीयले ऊन सोसत नाही." यंदा पुन्हा तिथंच जायचं होतं. धामणगाव बढ्याहून बस निघायच्या आधी सरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "या टायमाले एकीले जरी चक्कर आली, तर पुढच्या सालापासून सहल फक्त पोरायची."

मी नववीत होते. दहावीची सहल माझी अजून व्हायची होती आणि ती मी अशी सोडणार नव्हते.

उद्यानात उतरलो तर महिला प्रसाधनगृहाला कुलूप. भिंत नवी रंगवलेली, दारावर अंबाडा घातलेल्या बाईचं चित्र. शेजारी पुरुषांच्या खोलीला दारच नव्हतं, त्यामुळं त्यांचं काही अडलं नाही.

"साहेब लोक येतात तवाच उघडतो," चौकीदार जानरावकाका म्हणाले. "शाळेचे पोट्टे लय घाण करतात."

"मंग आम्ही कुठी जावं, काका?"

"तिकडं झुडपं हायेत न."

खोलीत न मावलेल्या मुलांची झुडपांपलीकडे रांग उभी होती. आम्ही तशाच निघालो.

पहिला थांबा पाणवठ्याचा. सिमेंटचा मोठा हौद जमिनीत बसवलेला. जानरावकाका खुशीत सांगू लागले, "उन्हाळ्यात आम्ही याच्यात टँकरनं पाणी टाकतो. रोही असो का हरीण, कोनाले तहानलेलं ठेवत नाही." मुलं वहीत लिहून घेऊ लागली. काजलनं माझा हात धरला होता. तिची बोटं गार पडली होती आणि ओठ पांढरे दिसत होते.

मला असा संताप आला की काय सांगू. हरणाची सोय होते, काजलची होत नाही.

"काजल, पाणी पे."

"अन् मंग व?"

"मंगचं मंग पाहू."

मी तिला ओढतच मागे नेलं, कुलपासमोरच्या पायरीवर बसवलं आणि माझी बाटली तिच्या तोंडाला लावली. मग मी प्यायले. मागून एकेक करत सगळ्या मुली आल्या, बसल्या आणि प्यायल्या. आदल्या रात्रीपासूनची तहान होती ती.

सर तरातरा आले. "इथं काऊन बसल्या?"

"पाणी पिऊन राह्यलो, सर."

"पेलं न? चाला मंग."

"पेल्यावर जा लागते न, सर. जाऊन आलो की येतो."

मुलं फिदीफिदी हसली. माझे कान तापले, पण मी उठले नाही. "तुम्हीच म्हटलं न सर, चक्कर नको म्हून. पाणी पेलं का येत नाही."

सरांनी घड्याळ पाहिलं आणि सुवर्णा मॅडमना हाक मारली. आमच्या शाळेत त्या एकट्याच बाई. दरवर्षी सहलीला पाण्याची बाटली आणतात आणि भरलेलीच परत नेतात, हे आम्ही सगळ्या पाहत आलो होतो.

"मॅडम, समजवा यायले."

मॅडम आल्या. आता या उठवणार, म्हणून मी पायरी घट्ट धरली. त्या काजलशेजारी बसल्या, पर्समधून बाटली काढली आणि न थांबता अख्खी रिकामी केली. मग तोंड पुसून म्हणाल्या, "सर, मलाही जायचंय."

सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या. मुलांचं हसू बंद झालं. सर मागून आलेल्या जानरावकाकांकडे वळले.

"साहेबाले विचारा लागीन," जानरावकाका पुटपुटले.

"विचारा. आम्ही बसलोय," मॅडम म्हणाल्या.

काकांनी कोणालाच विचारलं नाही. शर्टाच्या खिशातून चाबी काढली आणि कुलूप उघडलं.

त्यानंतर आम्ही सगळं उद्यान पालथं घातलं. मनोऱ्यावर सगळ्यांत आधी काजल चढली आणि खाली उतरायला सगळ्यांत जास्त वेळ तिनंच लावला. चक्कर कोणालाच आली नाही.

निघताना फाटकाजवळच्या नळावर आमची गर्दी झाली. सर बसच्या दारातून म्हणाले, "रस्त्यात कुठी सोय नाही. पाणी बेतानं प्या."

मॅडम नळाखाली बाटली धरून उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "मग गाडी कुठं थांबवायची ते आताच विचारून ठेवा, सर," त्या म्हणाल्या आणि बाटली गळ्यापर्यंत भरू दिली. मग नळावर माझी पाळी आली.