टोपलीची गाठ

पतीचे आयुष्य पत्नीच्या केसांत गुंफलेले आहे असे जेथे मनोभावे मानतात, तेथे केस सैल करण्याची इच्छादेखील अपराध ठरते. एकोणीसशे साठच्या चैत्रात, फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यात, जमली भर दुपारी तो अपराध करीत होती. डाव्या कानशिलावर केसांत बांधून लोंबणाऱ्या टोपलीची, सवाष्णीच्या त्या चांदीच्या दागिन्याची, गाठ ती सोडवीत होती.

अर्धशिशी उठली होती. प्रथम डोळ्यांपुढे करवतीच्या दात्यांसारखा उजेड नाचला, मग अर्धे दार दिसेनासे झाले, मग ओकारी. टोपलीचे वजन केस मुळापासून ओढीत होते. महिन्यातून दोनतीनदा हे होई. चूल थंड पडे, तान्ही लेक रडून निजे, आणि बायका म्हणत, कामाच्या वेळीच बरे हिचे डोके उठते.

नवरा भावसिंग आर्णीकडे विहिरीत सुरुंग लावण्याच्या कामावर गेला होता. बाजाराच्या दिवशी येतो म्हणाला. दोन बाजार उलटून गेले. तांड्यात टोपली उतरे ती एकाच दिवशी, नवऱ्याला मसणात पोचवून आल्यावर.

गाठ सुटली, आणि दारात सासू सकरीबाई उभी राहिली.

“काय करून राह्यली?”

“याडी, माय, डोस्कं फुटते वो. घडीभरानं बांधते परत.”

“माहा लेक सुरुंगापाशी हाय, अन् तू...”

सकरीबाई आत आली. तिने दार लावून घेतले. जमलीने मार चुकवायला मान खाली घातली. सासू मात्र शेजारी बसली, टोपली उचलून तळहातावर तोलीत राहिली.

“मलेबी होती अर्धशिशी. वीस वर्सं.”

“मंग कशानं गेली?”

सासूने बंद दाराकडे पाहिले.

“तुह्या सासऱ्याले पोचवलं, त्या दिसी बायांनी माही टोपली उतरवली. तवापासून डोस्कं नाही दुखलं. मी रडत होती, अन् डोस्कं हलकं. हे कोनाले सांगू?”

बाहेरून कुणा पुरुषाने सकरीबाईला हाक मारली. पुन्हा मारली. लेकाची काही खबर असेल, या धास्तीने तिची बोटे क्षणभर थबकली. मग सुनेच्या उजव्या कानशिलाकडे वळली, आणि तिने तिथल्या दुसऱ्या टोपलीची गाठही सोडली.

“आधी नीज तू,” ती म्हणाली.

त्या दोघींना, आणि दूर विहिरीच्या तळाशी वाकलेल्या त्या गड्याला, ती दुपार सुखरूप जावो.